एकसष्टावी घागर

गेल्या वर्षी लातूरच्या एका मंगल कार्यालयात जुन्या विद्यार्थ्यांनी माझी पंचाहत्तरी साजरी केली. शाल, फेटा, हार सगळं झालं. मग डॉक्टर झालेला एक विद्यार्थी बोलायला उभा राहिला. म्हणाला, "सरांच्या नोट्सच्या मुखपृष्ठावर साठ घागरी होत्या. बॅचमधल्या प्रत्येक पोराची एक. आपली कोणती, ते सर कधीच सांगायचे नाहीत. मी दोन वर्षं माझी घागर शोधली आणि शोधता शोधता डॉक्टर झालो." टाळ्यांनी हॉल दणाणला. मी हात जोडले आणि मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

त्या घागरी माझ्या नव्हत्या. ज्यांच्या होत्या ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हे मलाच लिहायचं आहे, आणि हात चालतो आहे तोवर लिहायचं आहे.

आम्ही लातूरच्या एका शाळेत बरोबर होतो. मी विज्ञान शिकवायचो, ते गणित. ते मूळचे नांदेडचे. त्यांच्या घरी तीन पिढ्या जिल्द बांधायचं काम. कोर्टाची दप्तरं, दुकानांच्या वह्या, मदरशातली पुस्तकं, सगळं त्यांच्या आजोबांच्या हाताखालून गेलेलं. घरातले शिकून मास्तर झालेले हे पहिलेच, पण बोटांतली जिल्द काही सुटली नाही. कुणाच्याही हातात पुस्तक दिसलं की ते आधी मागून घेत, पाठीवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "दोरा कच्चा हाय. दोन सालात पानं सुटतील." पुस्तक कशाचं आहे ते नंतर बघत. लग्नात गेले तर आहेराच्या वहीची पाठ चाचपून यायचे. स्टाफरूममध्ये सगळे त्यांना जिल्दवाले म्हणायचे. मी नायगावचा, म्हणून ते मला नायगाववाले म्हणायचे.

शिक्षकाला टाचणवही ठेवावी लागते. उद्या वर्गात काय शिकवायचं ते आज तिच्यात लिहायचं आणि शनिवारी मुख्याध्यापकांची सही घ्यायची. आम्ही सगळे ती दुकानातून विकत आणायचो. पुट्ठ्यावर छापील रकाने असत: नाव, शिक्षण, विषय, इयत्ता. जिल्दवाले मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत नांदेडला भावाच्या दुकानात बसून स्वतःची वही शिवायचे. मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचं. जूनमध्ये शाळेत यायचे तेव्हा त्यांची नखं निळी असत आणि बोटांना खळीचा आंबूस वास असे. वहीवर पांढराशुभ्र कोरा जाड कागद. नाव नाही, पदवी नाही, काही नाही.

पहिले पंधरा दिवस तो तसाच कोरा राहायचा. ते वर्गात नुसती पोरं बघत फिरायचे. मग एका सोमवारी त्या कागदावर शाईनं काढलेलं चित्र दिसायचं. एका वर्षी माहूरच्या पायऱ्या आणि त्या चढणारी माणसं. एका वर्षी कंधारच्या किल्ल्याचा तट. एका वर्षी आडावर मांडलेल्या घागरी. पायरीवरचं एक माणूस म्हणजे वर्गातलं एक पोर, तटाचा एक चिरा म्हणजे एक पोर, एक घागर म्हणजे एक पोर. कुठलं कोण, हे फक्त त्यांनाच ठाऊक.

"सर, माझी घागर कोनती?"

"शोध की."

"ती पोचा आलेली हाय का, सर?"

"तुला पोचा हाय का?"

"न्हाई."

"मग कशाला विचारायलास?"

हजेरीही ते त्या चित्रावरच घ्यायचे. डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं बोट चित्रावरून सावकाश फिरवायचे. वर्ग गप्प. बोट मध्येच कुठंतरी थांबायचं. "आज तिघं न्हाईत. त्यातलं एक आजारी न्हाई, चिंचा पाडायला गेलंय." पोरं हसून लोळायची. खरंच तिघं नसायची. डोळे मिटण्याआधी ते वर्गावरून नजर फिरवायचे, हे मी एकदा खिडकीतून पाहिलं होतं. मी ते पोरांना सांगितलंही. एक पोरगी म्हणाली, "ते आम्हालाबी ठाव हाय सर."

मला त्या वहीचा फार हेवा वाटायचा. हा शब्द लिहायला मला तीस वर्षं लागली. मी त्यांच्यापेक्षा जास्त शिकलेला, माझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं, माझं टाचण मुख्याध्यापक इतरांना नमुना म्हणून दाखवत. पण माझी वही टेबलावर पडली तर कुणी वळून बघत नसे. आणि त्यांची वही घेऊन यायला पोरांत भांडणं लागत.

एका जूनमध्ये मीही मुखपृष्ठ करून घेतलं. पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरला गाठलं. त्यानं उगवता सूर्य काढला, किरणं काढली, खाली सोनेरी अक्षरांत माझं नाव आणि पुढं एम.एस्सी., बी.एड. मी ती वही वर्गात मुद्दाम पोरांकडे तोंड करून उभी ठेवली. पहिल्या बाकावरच्या पोरानं बराच वेळ पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, हे दुकानावानी दिसायलंय." मागून एकानं विचारलं, "ह्याच्यात आमी कुठं हावत?"

दुसऱ्याच दिवशी मी वहीला खाकी कागदाचं कव्हर घातलं. जिल्दवाल्यांनी ते स्टाफरूममध्ये बघितलं. म्हणाले, "क्या नायगाववाले, सूर्य मावळला का?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य मी बरीच वर्षं जपून ठेवलं.

मग मी त्यांच्या चित्रात खोट शोधू लागलो. घागरींच्या वर्षी एका मधल्या सुट्टीत त्यांची वही कपाटातून काढली आणि घागरी मोजल्या. पन्नास भरल्या. पटावर पोरं एकोणपन्नास. पुन्हा मोजल्या. पन्नासच. मला वाटलं, सापडलं! पन्नासावी घागर हे महाराज स्वतः. पोरांच्या रांगेत स्वतःला मांडून बसलेत. मग त्याहून चांगली कल्पना सुचली. त्या काळात पटसंख्या फुगवण्यावरून शाळांच्या मागे चौकशा लागत. तपासणी तोंडावर होती. मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं, "सर, वहीवर एक आकडा आणि पटावर दुसरा, हे बरं दिसत नाही."

मुख्याध्यापक भित्रे होते. त्यांनी माझ्यासमोरच जिल्दवाल्यांना बोलावलं.

"चित्रात पन्नास, पटावर एकोणपन्नास. तपासणीला साहेब आले तर मी काय सांगू?"

"सांगा की, एक यायचाय."

"कोण यायचाय?"

"ते मला काय ठाव? आला की सांगतो."

"अहो, जो आलाच नाही त्याची घागर कशी काढलीत तुम्ही?"

"सर, तो आल्यावर काढली तर त्याला कळतंय ना, की आपली नंतर घुसडलीय म्हणून. आधीच काढलेली बरी. आला की बसला."

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. चित्राच्या खाली 'पटाशी संबंध नाही' असं लिहा, असा तोडगा काढला. जिल्दवाल्यांनी ते आनंदानं लिहिलं, नक्षीदार अक्षरात लिहिलं. ऑगस्टमध्ये वीज मंडळातल्या एका वायरमनची बदली होऊन त्याचा मुलगा वर्गात आला. बोट फिरवताना ते थांबले आणि म्हणाले, "आज पन्नासबी हजर." तो नवा मुलगा सगळ्यांकडे बघत बसला. त्याला कळेना की हे लोक आपल्याला आधीपासून ओळखतात कसे.

चुगली मी केली होती हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी डबा उघडून त्यांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेहमीसारखीच माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "मोजून घ्या बरं का, दोनच हायेत." याचाही मला रागच आला.

भूकंपाच्या वर्षी त्यांच्या वहीवर दगडी भिंत होती. जूनमध्ये काढलेली. आपल्याकडच्या जुन्या घरांची असते तशी रुंद, मोठमोठ्या दगडांची, मातीत रचलेली. एकेक दगड एकेक पोर. गणपती विसर्जनाला काही पोरं गावी गेली. दुसऱ्या दिवशीच्या पहाटे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या नववीच्या वर्गातली दोन मुलं परत आली नाहीत. तशाच भिंतींखाली गेली.

शाळा पुन्हा भरली तेव्हा पोरं खोलीत पाऊल ठेवायला तयार नव्हती. मैदानात कडुलिंबाच्या झाडांखाली वर्ग भरायचे. एका झाडाखाली ते, दुसऱ्या झाडाखाली मी. जिल्दवाल्यांनी भिंतीच्या चित्रावर साधा पांढरा कागद चिकटवून आणला होता. आठवडाभर तो कोरा राहिला. मग त्यांनी कापसाची बोंडं काढली, फुटलेली, हलकी. मी विचारलं तर म्हणाले, "दगड नको आता. कुणाच्या अंगावर वजन नको."

मी बोंडं मोजली. त्या दिवसांतही मोजली. संख्या जूनमधलीच होती. मी म्हणालो, "दोन कमी करायला पाहिजे होती ना?"

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "वही सालाची असते नायगाववाले, दिवसाची नसते."

माझ्या झाडाखालची पोरं मान वळवून त्यांच्या झाडाकडे बघायची. सुट्टी झाली की उठून तिकडे जाऊन बसायची. ते काही सांत्वन वगैरे करत नसत. नुसते बोट फिरवायचे, दोन ठिकाणी थोडं जास्त थांबायचे आणि मग त्रिकोणाचं प्रमेय सुरू करायचे. लोकांची घरंदारं गेली होती आणि मी कुणाच्या झाडाखाली किती पोरं बसली ते मोजत होतो. इतकं लिहिलं म्हणजे माझ्याबद्दल वेगळं काही सांगायला नको.

दिवाळीनंतर वर्ग पुन्हा खोल्यांत भरू लागले. एकदा मी खडूचा डबा मागायला त्यांच्या दारात उभा होतो. एक बाई एका मुलीला घेऊन आली. मुलगी भूकंपातल्या गावची, आईवडील गेलेले. बाई तिची मावशी. मुलीच्या अंगावर मदतीत आलेला मोठ्या मापाचा स्वेटर होता, बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या. जिल्दवाल्यांनी वहीवरच्या एका बोंडावर बोट ठेवलं.

"आलीस? बस."

"सर, माझं नाव न्हाई अजून पटावर."

"पटावर येईल सावकाश. वहीवर हाय."

ती बसली. त्या जादा एकाचा अर्थ मला त्या दिवशी पुरता कळला. तो त्या माणसाचा स्वभावच होता आणि तो माझ्यात नव्हता. कळल्यावर हेवा कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

पुढच्या जूनमध्ये मी नोकरी सोडून क्लास काढला. लातूरचं नाव निकालांमुळे चहूकडे व्हायला लागलं होतं. नांदेड, परभणीकडची पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन एसटीतून उतरायची आणि स्टँडवरच क्लासचे पत्ते विचारायची. मी जिल्दवाल्यांना बरोबर बोलावलं होतं. ते म्हणाले, "तिकडं साठ-साठ पोरं. माझं बोट फिरायच्या आत तास संपंल."

बरं झालं, असं मला मनातून वाटलं.

नोट्स छापायच्या होत्या आणि मुखपृष्ठ हवं होतं. तोच सूर्य काढणारा पेंटर बोलावला. पण या वेळी मी त्याला आड आणि घागरी काढायला सांगितलं. लोकांना हे आवडतं, हे मी दहा वर्षं पाहिलं होतं. तो चित्र घेऊन आला. तेच मुखपृष्ठ मोठं करून मी क्लासच्या भिंतीवरही लावलं. पहिल्या दिवशी पोरांना सांगितलं, "ह्यात प्रत्येकाची एक घागर आहे. कोणती ते मी सांगणार नाही." सांगताना आवाजही त्यांच्यासारखा काढला. मला कुठली कुणाची ते ठरवायचंही सुचलं नव्हतं. नुसत्याच घागरी होत्या. तो डॉक्टर दोन वर्षं जी शोधत होता ती कधी नव्हतीच.

दुसऱ्या वर्षी बारावीचे निकाल लागले. माझी पोरं चमकली. दारात पेढ्यांचे खोके, पालकांची गर्दी. दहावीचा निकाल अजून लागायचा होता, पण अकरावीच्या बॅचेस आधीच भरून गेल्या होत्या. लातुरात तेव्हा तीच पद्धत पडली होती. त्या गर्दीत एक मुलगी समोर आली. स्वेटरवाली. आता उंच झाली होती. तिनं चिठ्ठी दिली. जिल्दवाल्यांचं अक्षर.

'ही माझी विद्यार्थिनी. गणित पक्कं आहे, फिजिक्सला तुमच्यासारखा माणूस पाहिजे. तुमच्या वहीत एक जागा असेलच.'

ते 'असेलच' मी दोनदा वाचलं. हॉलमध्ये साठ खुर्च्या होत्या. बाजूच्या खोलीत आणखी वीस घडी घालून ठेवलेल्या होत्या. मी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली आणि हसून म्हणालो, "बाळा, बॅच भरली. उशीर केलास. आज आनंदाचा दिवस आहे, पेढा घे."

तिनं पेढा घेतला आणि ती गेली. जिल्दवाल्यांनी त्यावरून मला कधी काही विचारलं नाही. आमच्या भेटी तुटल्या. ते निवृत्त होऊन नांदेडला गेले. ते गेल्याची बातमी मला चार दिवसांनी कळली, आणि मी गेलो नाही.

सत्कारानंतर मला चैन पडेना. त्या मुलीचा पत्ता मी चौकशी करून काढला. ती कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. एका शनिवारी सकाळी तिथं गेलो. पन्नाशीकडे झुकलेली बाई. मी नाव सांगितलं.

"वळखलं की सर. बसा. पेढा दिला हुता तुमी मला."

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. खरंच आठवण म्हणून बोलली. टेबलावर तिची टाचणवही होती. मुखपृष्ठावर तारेवर ओळीनं बसलेल्या चिमण्या. मी मोजायला लागलो तशी तीच म्हणाली, "चोवीस हायेत. वर्गात तेवीस लेकरं."

मी तिला त्या दिवसाबद्दल विचारलं. काय झालं पुढं?

"काय हुनार? सरांनी गणित घेतलं माझं, रोज शाळा सुटल्यावर. फिजिक्स काय त्येंना जमंना. दोघंबी पुस्तक घिऊन बसायचो, दोघांनाबी कळंना." ती हसली. "मग डी.एड. केलं. मला इंजिनियर व्हायचं हुतं. घरं बांधायची हुती, न पडनारी. लहानपनीचं खूळ."

मग ती म्हणाली, "मी तवा तुमच्या भिंतीवरचं चित्र बघितलं हुतं. सवयीनं मोजल्या घागरी. साठ भरल्या. पन तिसऱ्या रांगेत मधीच एक जागा मोकळी दिसायली हुती. मला वाटलं, चला, ही आपलीच. अन् तितक्यात तुमी म्हनलात, भरली."

"जिल्दवाल्यांना सांगितलंस हे?"

"सांगितलं की. त्येंनी कुनाकडून तरी तुमच्या नोट्स मागून आनल्या. त्या मोकळ्या जागेवर लई वेळ अंगठा फिरवत बसले. मग म्हनले, नायगाववाले मोजायला चुकले असतील बघ. मानूस वाईट न्हाई. साठाच्या पुढं आकडा गेला की कुनाचंबी चुकतंय."

लेकरं परवचा म्हणायला लागली होती. तिनं मला चहा दिला. मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. परत येताना कंधारच्या स्टँडवर दोन गाड्या मी तशाच जाऊ दिल्या.

हे छापून आलं की एक प्रत तिला पाठवणार आहे. जिल्दवाल्यांना आता पाठवता येत नाही. मी मोजायला चुकलो नव्हतो. पेंटरला मी एकसष्ट घागरी सांगितल्या होत्या आणि त्यानं बरोबर एकसष्ट काढून आणल्या होत्या. चित्र पूर्ण झाल्यावर ते थेट त्यांच्या वहीसारखं दिसायला लागलं. त्या एका जादा घागरीवरून कुणीही ओळखलं असतं की हे कुणाचं आहे. मी पेंटरच्या डब्यातला सफेदा घेतला आणि तिसऱ्या रांगेतली ती घागर माझ्या हातानं पुसली.